झोपेचं तिकीट

चार महिने! विमानातून उतरून चार महिने झाले तरी आमच्या रुपचंदनानांचा जेट लॅग जाईना. अमेरिकेत लेकीकडे, दिपमालाकडे राहून आले आणि इथं गावी, असोद्यात, दिवसा घोरू लागले. भरदुपारी केळीला पाणी सोडलेलं आणि नाना बांधावर आडवे. भूक लागायची ती पहाटे. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभरात शरीर वळणावर येईल. शरीर ऐकेना.

झुंबरकाकूंचा जीव टांगणीला लागला. म्हैस व्यायला आली म्हणून त्या अमेरिकेला गेल्या नव्हत्या. आता नवरा परत येऊनही त्या एकट्याच जेवत होत्या. मला तर नानांचा रागच येत होता.

शेवटी एसटीचे निवृत्त कंडक्टर जीवरामभाऊ यांनी निदान केलं. विमान जलद, झोप सावकाश, म्हणून ती मागे राहिली. ती पश्चिमेकडून येतच असणार, आपणच सामोरं जावं. आमच्या गावात शहाण्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे कुणी हसलं नाही. नाना, काकू, जीवरामभाऊ आणि मी असे आम्ही चौघं पश्चिमेला जाणाऱ्या धुळ्याच्या गाडीत बसलो. नाना जळगावातच झोपले ते थेट धुळ्यापर्यंत. "भेटली!" म्हणत जीवरामभाऊंनी परतीचं एक तिकीट जास्त काढलं, झोपेचं. त्या रिकाम्या सीटवरून ते एका बाईशी पारोळ्यापर्यंत भांडले.

परतीच्या गाडीतही घोरत असलेले नाना त्या आरडाओरड्यानं दचकून उठले. "मले बरं नका करू रे!"

"काहून?" काकू कडाडल्या.

नानांचे डोळे भरले. "आपली नात शाळेतून येते तवा इथं रात्रीचे दोन वाजतात. दिपमाला कामावर. पोर घरात एकटी, घाबरते. मी व्हिडिओवर बसतो तिच्यासंगं. जेट लॅग गेला त मले झोप लागीन ना!"

एरंडोल आलं तसा काकूंनी पदर खोचला. आता नानांची खैर नाही, असं मला वाटलं.

"मंग इतके दिवस मले काहून नही उठवलं?" त्या म्हणाल्या.

आता काकूंनाही जेट लॅग झालाय. विमान त्यांनी फक्त आभाळात पाहिलंय. दुपारी दोघं शेजारीशेजारी घोरतात. जीवरामभाऊ तोंडाला रुमाल बांधूनच त्यांच्या ओसरीवर येतात, रोग साथीचा आहे म्हणतात. रात्री दोनला नवराबायको एका ताटात भरीत-भाकरी घेऊन फोनसमोर बसतात. तिकडे कुलूप उघडतं, आणि रिकाम्या घरात पाऊल टाकत पोरगी ओरडते, "आजी, आले गं!"