डाव्या कोपराची बातमी

बेकरीच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या बार्बोरा म्हातारीनं खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, पिशवीत भरता भरता विचारलं, "काय रे एमिल, तुझं कोपर दुखतंय म्हणे?"

एमिल ह्रुश्काचा पिशवीकडे गेलेला हात तिथंच थांबला.

"कोण म्हणालं?"

"टीव्हीवर सांगत होते. पोर्टलंडवाले तुला घेणार होते ना, ते फिसकटलं. डाव्या कोपराची शंका आली म्हणे त्यांना."

"टीव्हीवाल्यांना हिवाळ्यात दुसरा उद्योग नसतो, मावशी," असं म्हणून एमिल हसला खरा, पण बाहेर येऊन गाडीत बसल्यावर त्यानं चावी फिरवलीच नाही. काचेपलीकडे नेब्रास्काचं उघडंबोडकं माळरान पसरलं होतं. मक्याची नुसती खुंटं, त्यावर बर्फ.

छत्तिशीला आलेला, बेसबॉलमधला डावखुरा पिचर तो, म्हणजे चेंडू फेकणारा. सामना संपत आला की चेंडू त्याच्या हाती द्यायचे. त्याचं सगळं पोट एका चेंडूवर होतं, स्लायडरवर. सरळ येतोय असं वाटावं आणि बॅटपाशी आल्यावर आडवा सटकावा, असा. नवा क्लब मिळाला असता तर आणखी दोन हंगाम निघाले असते.

आणि कोपर दुखत होतं, हे खरंच होतं. सप्टेंबरात एकदा हॉटेलात जेवताना त्याच्या दोन बोटांना मुंग्या आल्या आणि हातातला काटा ताटात पडला. ते त्यानं डॉक्टरला सांगितलं नव्हतं. करार जमवणाऱ्या एजंटला, फिशबाखला सांगितलं नव्हतं. बायकोला, नोरीनलाही नाही. समोर बसला होता फक्त एली.

एलियेझर तावारेझ, क्लबचा कॅचर. कित्येक वर्षं एमिलचा प्रत्येक चेंडू त्यानंच झेलला होता. "हे आपल्यातच ठेव," एमिल म्हणाला होता, आणि एलीनं त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं होतं.

घरी येऊन त्यानं फिशबाखला फोन लावला.

"पोर्टलंडवाले कुठून ऐकून आले ते सांगत नाहीत," फिशबाख म्हणाला. "तू मला सांग. कोपराचं खरं आहे का?"

"साफ खोटं."

"बरं. दुसरी बातमी ऐकलीस? क्लबनं एलीला ठेवून घेतलं. तीन वर्षं. त्याचे गुडघे बघता मला तर नवलच वाटलं."

एमिलला मात्र नवल वाटलं नाही. त्याच्या डोक्यात गणित सुटलंच होतं. गुडघे गेलेल्या कॅचरला तीन वर्षं कोण देतं? त्या बदल्यात एलीनं काहीतरी दिलंच असणार. मग एकेक गोष्ट आठवू लागली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी एली मॅनेजरसाहेबांच्या खोलीतून बाहेर आला होता आणि एमिलला पाहून जरासा दचकला होता. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

एलीचे फोन आले, ते त्यानं वाजू दिले.

"अरे, उचल की," नोरीन म्हणाली. "नाताळाच्या शुभेच्छा द्यायला केला असेल बिचाऱ्यानं."

"बिचारा? तीन वर्षांचा बिचारा."

"तुझं बिनसलंय काय नक्की?"

"काही नाही. घरचा भेदी कसा असतो ते कळलं."

नोरीननं आणखी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्याच्या डाव्या हाताकडे बघू लागली. तो कप उजव्या हातानं उचलतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

जानेवारीत एली दरवर्षी तित्तिरांच्या शिकारीला यायचा. यंदा न बोलावताच आला. दोन कोट एकावर एक चढवलेले, हातात घरून आणलेली कॉफी.

"वहिनी, तुमच्या गावात माणसं राहतात की अस्वलं?" दारातच त्यानं विचारलं. नोरीन हसली. एमिल हसला नाही.

जेवताना एली पोरांचं, आईच्या आजारपणाचं, सगळं बोलला. कोपराचा विषय काढला नाही. न काढणंच एमिलला जास्त खटकलं. मग कॉफी संपवून एली म्हणाला, "चल, जरा चेंडू फेकूया. अंग मोकळं होईल."

आता कळलं, एमिल मनात म्हणाला. ह्याला क्लबनं माझा हात बघायला पाठवलंय.

"चल," तो म्हणाला.

यंत्रांच्या शेडमध्ये, मळणीयंत्राच्या बाजूला, दोघांना पुरेल एवढी मोकळी जागा होती. एली कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसला आणि त्यानं बोटानं खूण केली. सरळ चेंडू. पुन्हा सरळ. पुन्हा सरळच. एमिल स्लायडरची खूण यायची वाट बघत होता. खूण आली की नकार द्यायचा आणि मनातलं तोंडावर फेकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण खूण आलीच नाही.

"स्लायडर का मागत नाहीस?" शेवटी त्यानंच विचारलं.

"सप्टेंबरापासून मागितलाय का मी?"

एमिलच्या डोळ्यांपुढून हंगामातले ते शेवटचे सामने गेले. अडचणीच्या वेळीसुद्धा एलीनं सरळ चेंडूच मागितले होते. त्यानं ते मुकाट्यानं फेकले होते, आणि मनातून सुटल्यासारखंही वाटलं होतं.

"तुझा हात वाचावा म्हणून नाही मागितला," एली म्हणाला. "पण पोर्टलंडवाले आंधळे नाहीत. ज्याचं पोट स्लायडरवर, तो महिनाभर स्लायडर टाकत नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे कोणीही ओळखेल. तो घोळ माझाच. फोनवर तेच सांगायचं होतं."

"आणि आपल्या साहेबांना? त्यांना काय सांगितलंस?"

एली चेंडू हातात फिरवत राहिला.

"त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एमिललाच विचारा."

"ठणठणीत आहे म्हणायला काय झालं होतं?"

"खोटं बोललो असतो तर तू आणखी वर्षभर फेकत बसला असतास. एक दिवस हात तुटून पडला असता आणि समोर मीच असतो."

"म्हणजे सांगितल्यातच जमा."

"हो," एली म्हणाला. "तसंच समज. पण करारासाठी नाही. तो आधीच ठरला होता, जाहीर नंतर झाला." मग त्यानं मान वर केली. "तुला वाटलं मी तुला विकलं?"

एमिलनं नाही म्हटलं नाही. एली उठला, ग्लोव्ह काखेत मारला आणि घराकडे चालू लागला. शिकारीला न जाताच तो दुसऱ्या दिवशी परत गेला. नोरीनला मिठी मारली, एमिलशी नुसता हात मिळवला. उजवा.

त्याची गाडी वळणापलीकडे गेल्यावर एमिल स्वयंपाकघरात आला आणि त्यानं नोरीनला सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कधी सांगतोस ते बघत होते."

तिच्यासमोरच त्यानं फिशबाखला फोन करून खरं काय ते सांगितलं. ओमाहाच्या डॉक्टरांनी फोटो काढले. कोपरातला अस्थिबंध बराच फाटला होता. शस्त्रक्रिया झाली, येणारा अख्खा हंगाम हातचा गेला, आणि क्लबनं दोन ओळींची बातमी देऊन त्याला मोकळं केलं.

मार्चमध्ये, हात झोळीत असतानाच, त्यानं एलीला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलणार नाही, असंच त्याला वाटलं.

"बोल," एली म्हणाला.

"मला वाटलं होतं, तू विकलंस."

"माहितेय."

"चुकलं माझं."

पलीकडे कोणीतरी एलीला मैदानावर बोलावत होतं. "थांब," तो त्या माणसाला म्हणाला, आणि मग फोनवर, जरा कोरड्याच आवाजात, "बोटांना मुंग्या येतात का अजून?"

"करंगळीला थोड्या."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगितलं."

"खरं?"

"नोरीनला विचार," एमिल म्हणाला, आणि त्यानं फोन तिच्या हातात दिला.