हातापुरती सवड

मी एक लांबट गिअर आहे. लोणावळ्याच्या एका कारखान्यात, चिक्की कापायच्या मशीनमध्ये अकरा वर्षं फिरतोय. गोल गिअर पाहणाऱ्यांना मी बिघडलेलाच वाटतो. आता त्याचं वाईटही वाटत नाही.

मला परंदवडीच्या हौशीरामभाऊंनी घडवलं. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, लेथवर लोखंड कातणारे टर्नर. त्यांची बायको विठाबाई या मशीनवर. गरम चिक्कीची पट्टी हाताने पात्याखाली सरकवायची, हात काढायचा, की पातं खाली. एकदा तिच्या बोटाचं टोक गेलं. मशीन हळू करावं, तर चिक्की गार होऊन तडकायची. भाऊंना फेरीचा वेळ वाढवायचा नव्हता, नुसती त्याची वाटणी बदलायची होती. पातं वर असताना सावकाश, खाली येताना झटकन.

त्यांनी पुठ्ठ्याचे लांबट तुकडे कापले, मध्य सोडून बाजूला खिळे ठोकले आणि जोड्या फिरवत बसले. एकीत फट पडायची, दुसरी अडकायची. कित्येक आठवड्यांनी एक जोडी जमली, ती त्यांनी लोखंडात कापली: मी आणि माझा जोडीदार. माझी लांब बाजू त्याच्या आखूड बाजूला भिडली की तो पळतो. उलट झालं की रेंगाळतो.

पहिल्या दिवशी आम्हाला उलटं बसवलं गेलं. पातं झपकन वर जायचं आणि खाली येऊन बसून राहायचं.

"आवो, ह्ये तुमच्यावानीच," विठाबाई म्हणाली. "कामाच्या टायमाला झोपतंय."

बाया हसल्या. भाऊही हसले आणि त्यांनी आम्हा दोघांना अर्धा फेरा फिरवून बसवलं.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. दिवसकार्य उरकून विठाबाई कामावर आली. मला तेल घालायचं काम तेव्हापासून तिच्याकडे आहे.

गेल्या महिन्यात माझा एक दात तुटला. नवा फिटर सत्यम आला, त्याने मला जोडीदारासकट काढून भंगाराच्या डब्यात टाकलं आणि गोल जोडी बसवली. मशीन छान घुमू लागलं. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसलेल्या येसूबाईचा हातमोजा पात्याखाली गेला. हात थोडक्यात वाचला. विठाबाईने बटण बंद केलं.

"मावशी, जुना झिजून लांबट झाला होता," सत्यम म्हणाला.

"झिजला न्हाई. त्यांनी तसाच केलता."

"मुद्दाम वाकडा कोण करतं?"

"तू बस हितं. सरकव पट्टी."

तिने बटण पुन्हा चालू केलं. सत्यमने चार सरकवल्या. पाचवीला त्याचा हात पुढे गेलाच नाही. तो उठून डब्याकडे आला.

आता दात वेल्डिंगने भरून मी पुन्हा फिरतोय. प्रत्येक फेरीत तिथे ठसठसतं. फार दिवस निभणार नाही. सत्यम सुट्टीत कागदावर नवी जोडी आखतोय. बाबा रे, ती माझ्याहून सुबक कर, मजबूत कर. पण गोल करू नकोस. पातं वर थोडं रेंगाळतं ना, तेवढं तिला शिकव. मग मला खुशाल भंगारात टाक.