दांडीचं पातेलं

"शाळेत पातेलं? तिथं काय दूध उतू घालवायला चाललीस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या कडेवर नातू, आणि नातवाच्या मुठीत आईच्या पिशवीचा बंद.

"दुपारी परत आणते, आई. तोवर बाळाचं दूध दुसऱ्या कशात तरी तापवा."

"तापवीन गं. पण आज तरी खणखणीत बोल. पोर झोपलंय अशा बेतानं शिकवतेस तू."

खोटं नव्हतं ते. बाळ झाल्यापासून तिचा आवाज उतरला तो उतरलाच. वर्गात गलका वाढला, की ती आणखी हळू बोले. मुलांनी नावच पाडलं होतं, हळूबाई. मुख्याध्यापिकांनी तर काल तोंडावर सांगितलं होतं, "शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही तुमचा आवाज. उद्या मी मागे बसून तास बघते. मग ठरवू, कायम करायचं की नाही."

तिनं बाळाची बोटं एकेक करून सोडवली आणि निघाली. नोकरी हवी होती. पण उसना आवाज आणून नको होती.

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर तिनं शब्द लिहिला, रिव्हेटिंग. "भाषण रिव्हेटिंग होतं, म्हणजे खिळवून ठेवणारं."

"बाई, मग खिळे आणू का तुमच्या तासाला?" खिडकीजवळचा एक बोलका मुलगा म्हणाला. वर्ग खिदळला. मागच्या खुर्चीत मुख्याध्यापिकांनी पेन उघडलं.

तिनं पिशवीतून पातेलं काढलं. बुडाला दुधाचा करपलेला डाग होता. आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "दांडी कशानं बसवलीय, बघा."

"ए, गप ना. ऐकू येत नाहीये," कुणीतरी बोलक्याला ढोसलं.

"हा रिव्हेट. शब्द जुन्या फ्रेंचमधला. भोकातून आरपार घालायचा आणि पलीकडचं टोक ठोकून चपटं करायचं. खिळा उपटता येतो, स्क्रू उलटा फिरवता येतो. हा नाही."

"कधीच निघत नाही?" बोलक्यानं विचारलं.

"कापला तर निघतो. पुढं लोकांनी हाच शब्द माणसाच्या नजरेला लावला. उठायचं म्हटलं तरी उठवत नाही, तेव्हा."

पातेलं बाकांवरून फिरू लागलं. कुणी दांडी ओढून पाहिली, कुणी आत डोकावलं. ती बोलत राहिली, जवळजवळ कुजबुजत. वर्ग तिच्याकडे कलला होता. मग ती फळ्याकडे वळून रिव्हेटचं चित्र काढत राहिली. मागच्या खुर्चीकडे मात्र तिनं एकदाही पाहिलं नाही.

घंटा झाली तेव्हा पाहिलं. खुर्ची रिकामी होती. उघडं पेन तिथंच पडलेलं.

मुख्याध्यापिका तिसऱ्या बाकावर दोन मुलींच्या मध्ये अवघडून बसल्या होत्या. मांडीवर पातेलं, अंगठा रिव्हेटवर.

"मागे काहीच ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"सोमवारी या ऑफिसात. कायम केल्याचा कागद तयार ठेवते." त्या उठल्या. "हे घरी लागत असेल ना?"

"बाळाच्या दुधाचं आहे."

त्यांनी करपलेल्या डागावरून बोट फिरवलं आणि दांडी तिच्याकडे करून पातेलं पुढं धरलं.