कापलेली पाकिटं

सासरे चार दिवस लेकीकडे राहायला गेले आणि इकडे सुनेने त्यांची पाकिटं कापली. वाईट हेतूने नव्हे, अगदी चांगल्या हेतूने. आणि चांगल्या हेतूने घातलेला घोळ निस्तरायला फार जड जातो, कारण रागवायचं तरी कोणावर?

सासऱ्यांची सगळी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती. बोलायचे मोजकं, तिकिटं मात्र जमवायचे ढीगभर. पाकिटावर चिकटवलेलं तिकीट ते वाडग्यात भिजवत, अलगद सोडवत आणि वाळवून आल्बममध्ये लावत. पण टपालखात्याची काही पाकिटं अशी असतात की तिकीट त्यांच्यावर छापूनच येतं. असल्या पाकिटांचा मोठा गठ्ठा वर्षानुवर्षं कपाटात पडून होता. तिकिटाचा भाग चौकोनी कापून आल्बममध्ये लावावा की पाकीट अख्खंच जपावं, यावर त्यांचा शेजारच्या चष्मेवाल्यांशी कायमचा वाद. चष्मेवाले म्हणायचे, अख्खं. सासरे म्हणायचे, बघू.

सुनेला या घरात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण सासऱ्यांशी बोलायला विषय म्हणून सापडेना. "चहा ठेवू का, बाबा?" आणि "खोलीत आणून दे," एवढ्यावर दोघांचं बोलणं आटपायचं. आपण इथे जन्मभर पाहुणीच राहणार की काय, ही धास्ती तिला आतून खात होती. निघताना सासरे गठ्ठ्याकडे बघून पुटपुटले, "याचं एकदा काय ते केलं पाहिजे." सुनेने ते मनावर घेतलं.

आधी तिने एक पाकीट वाडग्यात भिजत घातलं. तिकीट काही सुटेना. सुटणार कसं, ते चिकटवलेलं होतंच कुठे? पाकिटाचा लगदा झाला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिने आपली कात्री काढली. कापड बेतताना शिलाईसाठी सोडतात तशी चारी बाजूंनी माया सोडून तिने एकेक तिकीट सरळ कापलं, आणि उरलेला कागद रद्दीवाल्याला देऊन मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले सासऱ्यांचं दुरुस्त केलेलं भिंग द्यायला आले. टेबलावरचे चौकोन बघून ते मटकन खाली बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चौकोन होते तसेच होते.

"हे तू केलंस?"

"हो, काका. चुकलं का काही?"

"काय सांगू पोरी. शिक्का, पत्ता, सगळं मिळून पाकिटाची मजा असते. तो इतकी वर्षं त्यांना कात्री लावत नव्हता, ते उगाच का?"

ती तशीच रद्दीवाल्याकडे धावली, पण माल कधीच पुढे गेला होता. नवरा म्हणाला, "मी केलं म्हणून सांगतो. मला ओरडायची त्यांना सवयच आहे."

"नको," ती म्हणाली. "कापली मी, बोलणीही मीच खाणार."

म्हणाली खरी, पण सासरे यायच्या दिवशी तिने एका शर्टाच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

सासरे आले, पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवायच्या आत तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, लगद्यासकट. त्यांनी फक्त भिंग मागितलं, खिडकीपाशी बसले आणि एकेक चौकोन बघू लागले. ती भिंतीला टेकून उभी होती. एक शब्द तरी बोला, मग तो शिवी का असेना, असं तिला झालं होतं.

"पट्टी लावली होतीस?"

"नाही. नुसत्या नजरेने."

"कडा कुठेच वाकडी गेलेली नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मला इतकी वर्षं हेच करायचं होतं."

"मग केलं का नाही, बाबा?"

सासऱ्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. बोटं बारीक थरथरत होती.

"छापखान्यातली शेवटची वर्षं अशीच काढली. खिळे जुळवणाऱ्याचा हात थरथरतो, हे सांगायचं कुणाला? चष्मेवाल्याला सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीला कळलं असतं. म्हणून आपलं म्हणत राहिलो, बघू."

म्हणजे हा माणूस चहा एकट्याने खोलीत पितो तो आपल्याला टाळायला नव्हे, कप हिंदकळताना कोणी बघू नये म्हणून. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि ती न विचारता त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. सासऱ्यांचाही चेहरा सैल पडला होता. लपवून लपवून तेही थकले होते.

"आल्बममध्ये लावायचंही काम नाजूक असतं, हल्ली माझी तिकिटं तिरकीच बसतात," ते म्हणाले. "मी जागा दाखवतो, तू लाव."

दोघं पहिल्या पानावर असतानाच चष्मेवाले आले. दारातूनच त्यांनी मित्राच्या रागाचा अंदाज घेतला.

"काय रे, बघितलीस का तुझ्या पाकिटांची दशा?"

"दशा कसली?" सासरे मान वर न करता म्हणाले. "मीच तिला कापायला सांगून गेलो होतो."

चष्मेवाले सुनेकडे बघत राहिले. तिने मान खाली घातली आणि सासऱ्यांचं थरथरतं बोट जिथे होतं, तिथे पुढचा चौकोन लावला.