अक्काबरोबरचा बेचाळिसावा डाव

एकेचाळीस डाव. मोजून एकेचाळीस डाव मी माझ्या थोरल्या बहिणीकडून हरलो. चौतीस वर्षं मनमाड स्टेशनावर तिकीटखिडकीत काढलेला, रोजचं शब्दकोडं चहा निवायच्या आत सोडवणारा माणूस मी. आणि सातवी शिकलेली अक्का पंचवटीत बसून मला फोनवर धूळ चारते. हरल्याचं दुःख मी गिळलंही असतं. पण या डावांवर तिचे डोळे पणाला लागले होते.

गेल्या दिवाळीत तिला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. उशीर करू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं. घरी आल्यावर अक्का म्हणाली, "त्यांना काय कळतंय?" भावजींना जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, तिला दटावणारं कोणी नाही. मी दटावतो, पण मी तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा. माझं दटावणं ती लहानपणापासून हसण्यावारी नेत आली आहे.

त्याच दिवसांत तिच्या फोनवर मी तो अक्षरांचा खेळ घालून दिला होता. पूर्वी तो पुठ्ठ्याच्या पटावर लाकडी अक्षरांनी खेळायचो, आता तोच पट फोनमध्ये आलाय. सात अक्षरं मिळतात, काना-मात्रा आपल्या मर्जीने लावायच्या, शब्दाला शब्द जोडत जायचं. अक्षर लाल घरात पडलं की शब्दाचे गुण तिप्पट. वाटलं, एकटी असते, तेवढाच वेळ जाईल. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

पहिले तीन डाव जिंकल्यावर तिचा फोन आला. "काय रे जयराम, मुंगीएवढी अक्षरं लावून मी तुला हरवते, आणि माझे डोळे गेलेत म्हणे! असं कर, तू मला एकदा हरव. ज्या दिवशी हरवशील, त्या दिवशी मी ऑपरेशनला तयार."

"ठरलं," मी म्हणालो. आठवड्याभरात उरकेल, असं मला वाटलं होतं. आणि अक्का शब्दाची पक्की. चुलतभावाच्या मांडवात पाय ठेवणार नाही असं एकदा बोलून गेली, तर त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवाबाहेर बसून जेवली. असली माणसं सोन्यासारखी असतात म्हणतात. त्यांच्या घरात जन्म घेऊन बघा.

आठवड्याचे दहा महिने झाले. मी रोज चष्मा पुसून बसायचो, शब्दकोश मांडीवर घ्यायचो. प्रत्येक खेळीनंतर फोन मला दागिन्यांची जाहिरात दाखवायचा. ती संपेपर्यंत अक्काचा शब्द येऊन पडलेला असायचा, तोही नेमका लाल घरात. डाव संपला की तिचा फोन. "आज बरा खेळलास हो." माझी बायको मोहिनी म्हणायची, "अहो, निदान घाम तरी फोडा त्यांना." घाम मलाच फुटत होता. राखीपौर्णिमेला अक्काने राखी माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर बांधली आणि वर मलाच ऐकवलं, "घड्याळ काढून ठेवायचं असतं रे आधी!" ही बाई एवढ्याशा पटावर मला हरवते कशी, हे कोडं काही सुटेना.

ते सुटलं गेल्या रविवारी. नाशिकरोडला एक साखरपुडा होता. तो उरकून दुपारी न कळवताच पंचवटीत गेलो. बेचाळिसावा डाव अगदी शेवटाला आला होता. नवी अक्षरं संपलेली, माझ्याकडे फक्त ळ आणि ण, आणि मी सोळा गुणांनी मागे. ळ किंवा णने सुरू होणारा शब्द कुठून आणायचा? वैतागून रिक्षातच पास दाबला होता. आता अक्काची पाळी होती.

तिच्या ओट्याला लागूनच चिमणाबाईचं भाजीचं दुकान आहे. अक्का ओट्यावर मांडी घालून बसली होती, डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजत. तिचा फोन होता चिमणाबाईच्या हातात.

"माझ्याकडे काय राहिलंय?" अक्काने विचारलं.

"व, र, आन स," चिमणाबाई एकेक अक्षर लावत वाचत होती. "थांबा हां, ह्यांची मेथी देऊन येते."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. अक्काने डोळे उघडले, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चिमणे, अजून एक गिऱ्हाईक उभं आहे बघ."

माझं टाळकंच सरकलं. "गिऱ्हाईक नाही! जयराम आहे!"

अक्का दचकली, पण क्षणभरच. "ओरडतोस काय बाजारात?"

"तुला फोन दिसतच नाही! दहा महिने ही वाचतेय आणि हीच अक्षरं लावतेय! ही शुद्ध फसवणूक आहे!"

"अट काय होती? हरवायची. मी बघून खेळेन असं कुठं म्हटलं होतं?"

चिमणाबाईने मेथी तशीच खाली ठेवली. "दादा, देवाशपथ, शब्द सगळे त्यांचेच. माझी चौथीत शाळा सुटली, मला काय येतंय? आख्खा पट डोक्यात हाय त्यांच्या."

म्हणजे मला न बघता हरवलं होतं. यात अभिमान वाटावा की डोकं आपटावं, तेच कळेना. मी ओट्यावर बसलो आणि इतकंच म्हणालो, "का गं अक्का?"

ती म्हणाली, "आईचं विसरलास? डोळ्यांच्या शिबिरातून घरी आणली, पट्टी सोडली, तर विचारत बसली, दिवे का नाही लावले म्हणून. भर दुपारी. मला अजून उजेड तरी दिसतो. तोही गेला तर? मला भीती वाटते रे."

"त्याला चाळीस वर्षं झाली! आणि मला नाही वाटत भीती? फोन वाजला की पहिलं मनात येतं, तू रिक्षाखाली सापडलीस. रोज येतं."

"रोज?"

"रोज. मोहिनीला विचार."

अक्काने पदराने तोंड पुसलं. "पण अट म्हणजे अट. हरल्याशिवाय मी यायची नाही." मी हात जोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "चिमणे, पास दाब."

"अवो, पण तुमचं 'वासरू' बसतंय की वरल्या अंगाला—"

"दाब म्हणते ना!"

माझा फोन वाजला. पाळी माझी. मी चष्मा लावला आणि बघत बसलो. ळ आणि ण. आडवं बघितलं, उभं बघितलं. मी पुन्हा पास म्हटलं की डाव संपला, आणि ती सोळा गुणांनी जिंकली. ताट वाढून समोर ठेवलेलं आणि मला घास उचलता येईना. पाच मिनिटं गेली.

"काय आहे तुझ्याकडे?" अक्काने विचारलं.

"सांगायचं नसतं."

"सांग मेल्या!"

"ळ आणि ण."

"एवढंच? आणि त्याला एवढा वेळ?" तिने कपाळाला हात लावला. "खालून तिसऱ्या ओळीत माझं 'कलम' आहे. मच्या खाली दोन घरं मोकळी. शेवटचं लाल. लहानपणी घोटीला खळ्यावर भात आणून टाकला की काय करायचो रे आपण?"

"मळणी," चिमणाबाई म्हणाली. माझ्या आधी.

माझ्या बोटांनी ळ लावला, मग ण, मग वेलांटी. माझी अक्षरं संपली, डाव संपला. फोनमधून फुलं उधळली गेली आणि माझं नाव वर आलं.

"हरले ना?" अक्काने विचारलं.

"हरलीस."

"मग कधी नेतोस ते सांग." तिने हात पुढे केला, चाचपत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "आणि पट्टी सोडतील तेव्हा समोर तू उभा राहा. काही दिसलं नाही, तर निदान तुला शिव्या तरी देता येतील."