दादाच्या दारची वाट

नातवाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी, रोलरवाला चर्चच्या मागच्या बाकावर पेंगत होता. पाळकसाहेब सांगत होते, प्रभू येतोय, त्याच्यासाठी वाट तयार करा; खड्डे भरा, चढ उतरवा. बायकोने त्याला कोपराने ढोसले.

"ऐका. तुमच्याच कामाचं चाललंय."

"जन्मभर तेच केलं," तो पुटपुटला. "आता पेन्शनीतसुद्धा तेच?"

"गावाचे रस्ते केलेत. दादांच्या दारची मात्र वाट लावून ठेवलीत."

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. दादाच्या दारातून रस्त्यावर उतरायला उभा, अरुंद जिना. सपाट वाट काय ती एकच, रोलरवाल्याच्या अंगणातून जाणारी. वडिलांच्या मागे घराच्या वाटण्या झाल्या, शब्दाने शब्द वाढला, आणि रागाच्या भरात रोलरवाल्याने ट्रॉलीभर दगड-खडी त्या वाटेवर ओतली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. ढिगावर झुडपे वाढली. आता दादाचे पाय गेले होते, आणि डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितले होते, फार दिवस धरू नका.

सोमवारी त्याने पहार काढली. अंगात पूर्वीचे काही उरले नव्हते. चार घाव घातले की भिंतीला टेकावे लागे. दगड एकमेकांत घट्ट रुतून बसले होते. शेजारच्या खिडकीतून दादाचा आवाज आला.

"काय गं, उंदीर लागलेत का?"

"भावजी आहेत," वहिनी म्हणाली.

"तरीच. पहार कशी धरायची ते अजून येत नाही त्याला."

रोलरवाल्याने पहारीवरचा हात जरा खाली घेतला.

रोज थोडे थोडे काम सरकले. बायको घमेली उचलायची आणि कंबर धरून बोलायची, "ओतलंत एका दिवसात, उपसायला बघा किती लागतंय." दुसरा रविवार आला तेव्हा माणूस आरपार जाईल एवढी फट झाली.

"झालं की. आता जा, भेटून या."

"रुंद करायचीय अजून."

मग त्याने आपल्याच ओट्याचा कोपरा फोडायला घेतला.

"अहो, ओटा कशाला? माणूस आरामात जातोय."

तो फोडत राहिला.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तो नव्या वाटेने दादाच्या खोलीत गेला. दादा उशांना टेकून खिडकीबाहेर बघत होता.

"एवढी रुंद? रोलर आणतोस की काय?"

"पाळकसाहेब म्हणतात, प्रभू येणार आहे."

"त्याला एकट्याला एवढी लागत नाही."

दादाची नजर बराच वेळ वाटेवर फिरली.

"दोन पुढे, दोन मागे," दादा हळूच म्हणाला. "मावतील?"

"मावतील."

"आणि वळणावर?"

"त्यासाठीच ओटा फोडला."

दादाने मान हलवली. वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"बस की. पाहुण्यासारखा उभा का?" दादा म्हणाला. "आणि हे बघ, सगळे आयते न्यायला येतील तेव्हा येतील. त्याआधी मला एकदा जागेपणी ने."

दुसऱ्या दिवशी दोन्ही जावांनी आणि रोलरवाल्याने दादाला खुर्चीवर बसवून त्या वाटेने उचलून नेले. वाटेत खुर्ची दोनदा खाली ठेवावी लागली. दोन्ही वेळा दादाने धाकट्याला शिव्या घातल्या. चर्चमध्ये आगमनकाळाची तिसरी मेणबत्ती लागली. प्रवचन सुरू होताच दादा रोलरवाल्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला. रोलरवाल्याचा खांदा भरून आला, पण उपासना संपेपर्यंत त्याने तो हलवला नाही.

दादा आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यात गेला. बुधवारी, सकाळी.