आजाऱ्यांची नावं

या, जवळ बसा. खडकीच्या मार्थाबाईंची गोष्ट सांगतो.

त्यांचे यजमान शांतवनराव आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कीर्तन करायचे. ते कॅन्सरने अंथरुणाला खिळले, त्याच सुमारास आयटीतल्या तरुणांना आवडणारे नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. रविवारच्या उपासनेत प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचायची रीत त्यांनी बंद केली. "आजार म्हटलं की आजार वाढतो. बरे झाले म्हणा." मार्थाबाई तसं म्हणत राहिल्या. 'बरे झाले' म्हणता म्हणताच शांतवनराव गेले, तेव्हा बाईंना रडूही आलं नाही.

पुढच्या रविवारी त्या उपासनेत उभ्या राहिल्या. शेजारीण कुजबुजली, "अहो, पाळकांवर टीका करू नये."

"टीका कुठली? विचारते फक्त. पाळकसाहेब, क्रूसावर प्रभू येशूने 'मला तहान लागली आहे' म्हटलं, आपली तहान लपवली नाही. मग आमच्या ह्यांचा आजार आपण का लपवलात?"

पाळकांनी पुढचं गीत सुरू करायला सांगितलं. नावं अजूनही वाचत नाहीत. म्हणून सांगतो, कीर्तनाला बसाल तेव्हा शांतवनरावांना आठवा. ते आजारी होते, हेही आठवा.